हातचा

उद्या सकाळी रेजायनाहून माणूस येणार आहे.
फोनवर त्याने एकच विचारलं, संच पुरा आहे का?
म्हटलं, मोजून सांगते.
तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर
दोनशे त्रेसष्ट कार्डं उताणी पडलीत,
हॉकीची, एका मोसमाची,
च्युइंगगमच्या पिठूळ वासाची.

बाहेर उणे एकतीस. मेट्रोकाका आला,
दारातच बूट झटकत म्हणाला,
हाल्या, यादी दोनशे चौसष्टची आहे.
मला ठाऊक आहे, काका.
दोनशे तीन कंपनीने छापलंच नाही.
यादीत नाव आहे, ग्लेन ऑस्टबी, गोली.
पण पाकिटातून तो कुणालाच निघाला नाही,
ना कनोरात, ना यॉर्कटनला.
जे कुणाकडेच नाही
ते माझ्याकडे नाही, असं कसं म्हणायचं?

काका चहा ढवळत राहिला. साखर घातलीच नव्हती.
मग म्हणाला, आणि एकशे अठरा?
लाईल टकाच. तो दोनदा छापलाय.
आधी नुसता, निळ्या जर्सीत.
डिसेंबरात त्याला विकला,
तेव्हा त्याच निळ्या जर्सीखाली
मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ आली:
आता दुसऱ्या संघात.
तेच हसू, तोच पडलेला दात.
एका ओळीने एका माणसाचे दोन होतात?

होतात, काका म्हणाला.
धान्याचं एलेव्हेटर बंद पडलं त्या वर्षी माझे झाले.

आणि शर्टाच्या खिशातून
प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेला दुसरा टकाच काढून
त्याने पहिल्याशेजारी ठेवला.
मी काही विचारलं नाही.
दोघे भाऊ त्या हिवाळ्यात अकरा आणि नऊ वर्षांचे,
एका खोलीत झोपायचे,
आणि मार्चपर्यंत एकमेकांशी बोलले नव्हते, एवढं ऐकून होते.

दोनशे त्रेसष्ट अधिक एक. चौसष्ट.
ताळा जमला,
भलत्याच वाटेने जमला,
पण रेजायनाच्या माणसाला वाटेशी काय करायचंय?

राहिली यादी. तीही एक कार्डच,
शेवटचा नंबर तिचाच.
तो माणूस बजावून म्हणाला होता,
यादी कोरी हवी, खुणा असतील तर ती धरत नाही.
म्हणजे ज्या पोराने मोजलं त्याचा संच अपुरा,
आणि ज्याने कधी मोजलंच नाही, त्याचा पुरा.

वडिलांची यादी पेन्सिलीने भरलेली.
चौकोनाबाहेर न जाणाऱ्या खुणा,
बिलांवर करायचे तशाच.
बाराव्याशेजारी 'कुत्र्याने चावला, तरी चालेल'.
आणि दोनशे तीनपुढेही खूण.
ठळक. कागदाला पलीकडून उठाव आलेला.

काका, हा तर छापलाच नव्हता.
त्याने चष्मा वर केला, खाली केला.
रिकामा चौकोन त्याला बघवायचा नाही, म्हणाला.
मग म्हणाला, नाहीतर मी केली असेल. आठवत नाही.
ड्रॉवरमधून खोडरबर काढला,
अंगठ्यावर घासून पाहिला, ठेवून दिला.

वडिलांना विचारता आलं असतं मागच्या वर्षीपर्यंत.
आता त्या घरी जाते तेव्हा ते मला
माझ्या आत्याच्या नावाने हाक मारतात,
आणि मी ओ देते.

रात्री सगळी कार्डं डब्यात भरली,
टकाच आणि टकाच पाठीला पाठ लावून.
यादी तेवढी बाजूला काढली.
चौसष्ट वजा एक, पुन्हा त्रेसष्ट, आणि हातचा एक.
उद्या त्याला सांगेन,
पुरा आहे की नाही ते तुम्ही ठरवा,
मला एवढं पुरे.

काका निघाला तेव्हा गाडी बराच वेळ सुरू होईना.
खिडकीतून दिसत होता,
हातमोजा काढून
शर्टाचा खिसा चाचपताना,
एकदा,
आणि थोड्या वेळाने परत.